परसातला ओहोळ

मेहरूण, जळगाव
१७ जानेवारी २०२४

ती. अक्कांना मोहिनीचा नमस्कार.

सुनेनं सासूला पत्र लिहायचे दिवस राहिले नाहीत, पण फोनवर आपलं काही बोलणं होत नाही. मी ‘अक्का’ म्हणते आणि पुढं दोघींचाही आवाज फुटत नाही. तुम्हीच म्हणालात, माझा आवाज आला की मागून भूषण बोलेल असं वाटत राहतं. मलाही तुमचा आवाज ऐकून तसंच होतं. म्हणून हे पत्र.

दादा-वहिनीकडे माझं ठीक आहे. रोपवाटिकेतलं काम मिळालं, केळीच्या रोपांच्या पिशव्या भरायच्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. दुपारनंतर घरी असते.

एक मागणं आहे. दादाच्या घरामागं परसाला चांगला उतार आहे. तिथं मी ओहोळ करतेय. कारंजं नाही, फरश्या लावलेला हौद नाही. डोंगरातून आपला आपण उतरून आल्यासारखा दिसला पाहिजे असा. वर एक खळगा, तिथून दोन-तीन वळणं घेत पाणी खाली डोहात येईल. डोहात पंप, आणि मातीखालून पाईप परत वर. खणून झालंय. शेततळ्याला घालतात तो प्लास्टिकचा जाड कागदही आणला. अडलंय ते दगडांवर. इथं खाणीतले फोडलेले दगड मिळतात, कोपरे धारदार. ते टाकले की सडकेचं काम चाललंय असं वाटतं. आपल्या मळ्याखाली नदीत गोल, पाण्यानं घासलेले गोटे आहेत. गावातल्या पितांबरभाऊजींचा टेम्पो केळी भरायला इकडे येतो. येताना रिकामाच असतो. थोडे गोटे टाकून द्याल का?

तब्येतीला जपा.

आपली,
मोहिनी


मळा, पिंपळनेर
२ फेब्रुवारी

मोहिनी,

तुझं पत्र वाचलं. आधी वाटलं मीच काहीतरी चुकीचं वाचलं. शाळेत जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, तरी पुन्हा चष्मा पुसून वाचलं.

दगड मिळणार नाहीत.

ज्या नदीनं माझा मुलगा नेला, तिच्यातले दगड तुला परसात शोभेला हवेत? मी त्या बाजूची खिडकी उघडत नाही. आणि तू तिकडे पाणी वाहतं करायला निघालीस. तुला मागताना हात कसा थरथरला नाही?

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. पितांबर त्या गल्लीतून गेला होता. परसात एक माणूस तुझ्याबरोबर खड्ड्यात उतरून काम करत होता, तो तुझा भाऊ हितेंद्र नव्हता आणि तू हसत होतीस, असं तो सांगतो. त्यानं घरात सांगितलं, घरातून गावात गेलं. आता लोक म्हणतात, मोहिनी नवं घर सजवतेय. त्या दिवशी राखीला माहेरी जायचा हट्टही तिचाच होता, असं आधीपासून म्हणतातच. मी कुणाला हो म्हटलं नाही. पण कुणाचं तोंडही धरलं नाही.

सुगंधाबाई


मेहरूण
१६ फेब्रुवारी

ती. अक्का,

तो माणूस म्हणजे शेजारचे असलमभाई. त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची बायको सितारावहिनी त्याच वेळी कुंपणाच्या भिंतीवर बसून आम्हाला खाली हुकूम सोडत होती. ती भाऊजींना दिसली नाही. मी हसले ते तिच्या बोलण्यावर. हसले, हे खरं आहे. लपवत नाही.

हात का थरथरला नाही विचारता. अक्का, तो इतर वेळी इतका थरथरतो की तुम्हाला सांगता येत नाही. नळाला मी फडकं गुंडाळते आणि धार आवाज न करता बादलीत उतरवते. रोपवाटिकेत फवारे सुरू झाले की बाहेर पळते. मालकांनी बोलून दाखवलंय, असं फार दिवस चालायचं नाही. डिसेंबरात बसमधून गिरणेच्या पुलावरून जाताना खाली पाणी दिसलं आणि मी किंचाळले. ड्रायव्हरनं बस थांबवली. अख्खी बस माझ्याकडे बघत होती.

जन्मभर पाण्यापासून पळून कुठं जाणार? म्हणून मला असं पाणी हवं आहे ज्याला बटण आहे. मी म्हटलं तर येईल, मी म्हटलं की थांबेल. पण ते हौदातलं नको. खऱ्यासारखं दिसलं, वाहिलं, वाजलं, तरच उपयोग. ते शोभेसाठी नाही.

दगडांची सोय होईल. पाचोऱ्याकडे एकाच्या शेतात जुन्या विहिरीच्या गाळातून गोटे निघालेत. तुम्हाला त्रास दिला, माफ करा.

पहिला प्रयत्न फसला. दोन्ही काठ सारखे केले होते आणि दगड ओळीनं लावले होते. वहिनी म्हणाली, ‘हे तर नगरपालिकेचं गटार.’ सगळं उकरून पुन्हा करतेय.

मोहिनी


पिंपळनेर
१ मार्च

मोहिनी,

तुझ्या नळाचं आणि बसचं वाचून वाईट वाटलं. असलमच्या बाबतीत पितांबरला मी बोलले.

पण तू पानभर लिहिलंस आणि एका गोष्टीवर एक अक्षर लिहिलं नाहीस. त्या दिवशी काय झालं? मी तुला कधी विचारलं नाही. आधी तू शुद्धीवर नव्हतीस, मग सुतकाची माणसं होती, मग हितेंद्र तुला घेऊन गेला. आता विचारते. नदीच्या फरशीपुलावर तुम्ही दोघंच होतात. तू खांब धरून राहिलीस, तो वाहून गेला. मधल्या वेळात तो काहीतरी बोलला असेल. भूषण गप्प राहणारा नव्हता. शेवटचं काय बोलला?

त्यानं माझ्यासाठी निरोप दिला असेल तर तो माझा आहे. तो तू स्वतःकडे ठेवायचा नाहीस.

सुगंधाबाई


पिंपळनेर
१८ एप्रिल

मोहिनी,

दीड महिना झाला. पोस्टमन सायकल न थांबवता जातो. तू आजारी असतीस तर हितेंद्रनं कळवलं असतं, म्हणजे तू मुद्दाम लिहीत नाहीस.

मी काय समजायचं? हट्ट खरंच तुझा होता? तो ‘थांबू’ म्हणाला आणि तू ‘चल’ म्हणालीस? तसं असेल तर तसं लिही. मी तुला शाप देणार नाही. या वयात तेवढी ताकद नाही. पण रोज नवीन काहीतरी मनात येतं, आणि प्रत्येक वेळी त्यात तू आधीपेक्षा वाईट दिसतेस. हे तरी थांबव.

सुगंधाबाई


मेहरूण
६ मे

ती. अक्का,

आजारी होते. दादाला कळवू नको म्हणून मीच सांगितलं होतं.

मार्चच्या शेवटी ओहोळ पुरा झाला. या वेळी घाई केली नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोठे दगड लावले, आतल्या अंगाला वाळू आणि बारीक गोटे, कारण पाणी बाहेरचा काठ खातं आणि आत गाळ आणून टाकतं. प्रत्येक मोठा दगड तिसरा हिस्सा मातीत पुरला. नुसता वर ठेवला तर कुणी आणून ठेवलाय हे लगेच कळतं. कागदाच्या कडा दगडांखाली दडवल्या. काठानं वाळा आणि लव्हाळा लावला.

असलमभाईंना हवा तो लहान पंप मिळाला नव्हता. आज शेतीचाच लावून बघू, म्हणाले. बटण मी दाबलं. वरच्या खळग्यातून पाणी आलं, पहिल्या वळणावर वळलं, आणि अक्का, मला ते सहन झालं. मी उभी होते. मग पंपानं जोर धरला. तळातले बारीक गोटे सरकून एकमेकांवर आपटायला लागले. पाण्याखाली कुणी सुपाऱ्यांची पिशवी हलवावी तसा आवाज. तो आवाज मी याआधी ऐकला होता. पुढचं आठवत नाही. दगडावर पडले, कपाळ फुटलं, टाके पडले. मग बरेच दिवस मी खोलीतून बाहेरच आले नाही.

दादानं ओहोळ बुजवायला माणसं बोलावली. सितारावहिनी कुंपण ओलांडून आली आणि कोरड्या ओहोळात बसली. ‘आधी माझ्या अंगावर माती टाका,’ म्हणाली. माणसं परत गेली.

आता तुमच्या प्रश्नाचं.

हट्ट कुणाचाच नव्हता. सकाळी ऊन पडलं होतं, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही वाळवण घालायला निघाला होतात. फरशीवर घोट्याएवढं पाणी होतं. आमच्या पुढ्यात दूधवाला पार गेला. मध्यावर आमची गाडी बंद पडली. भूषण ढकलत होता, मी पुढं चालत होते. तेव्हा तो सुपाऱ्यांसारखा आवाज आला. मला वाटलं चाकाखाली खडी वाजतेय. मग पाणी गुडघ्याला आलं, आणि लगेच कमरेला. पाऊस वर डोंगरात झाला होता, आमच्या डोक्यावर ऊन होतं. मी कडेचा खांब धरला. त्याचा हात माझ्या हातात होता. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, ‘मनी चप्पल गई व!’ आणि हसला. मग माझ्या हातात काही नव्हतं.

एवढंच. निरोप नाही. तुमचं नाव नाही, माझंही नाही. तुम्ही निरोप मागितलात आणि माझ्याकडे चप्पल होती. मी तुमच्यासाठी एक निरोप रचायला बसले होते. ‘अक्काला सांभाळ’ असा. लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. म्हणून उशीर झाला.

मोहिनी


पिंपळनेर
२७ मे

मोहिनी,

पत्र आलं त्या दिवशी चूल पेटवली नाही. तुझा राग आला. त्याचा तर फारच आला. आईला सोडून जाताना माणूस चपलेचं बोलतो?

नंतर कधीतरी, भांडी घासताना, मला तो तसाच ऐकू आला. लहानपणी झाडावरून पडला, हात मोडला, आणि मला म्हणाला, सदऱ्याचं बटण तुटलं. तू रचलेला निरोप पाठवला असतास तर मला खोटा वाटला असता. हा तोच आहे.

तरी निरोप नव्हता, हे पटायला वेळ लागेल. मला घाई करू नकोस.

कपाळाला तेल-हळद लाव, डाग राहील. माझी काळजी नको. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, रोज संध्याकाळी फिरून येते.

सुगंधाबाई


मेहरूण
९ जुलै

अक्का,

कुठं फिरून येता?

पितांबरभाऊजींचा दादाला फोन आला. ते म्हणाले, अक्का रोज संध्याकाळी फरशीवर जाऊन उभ्या राहतात. उन्हाळ्यात नदी कोरडी होती, कुणी काही बोललं नाही. आता पाऊस लागलाय, पाणी फरशीवरून जातंय, आणि अक्का तशाच उभ्या असतात. बोलवायला गेलं की म्हणतात, ‘तू जा, मी येते.’ लोक काठावरून ओरडतात आणि दमून घरी जातात.

तुम्ही मला खिडकी उघडत नाही असं लिहिलंत, आणि फिरायला जाते असंही लिहिलंत. एका गोष्टीवर मी गप्प राहिले तर तुम्ही मला काय काय विचारलंत. आता मी विचारते, तिथं उभं राहून काय होणार आहे?

मला राग आलाय. इतका राग भूषण गेल्यापासून कुणाचा आला नव्हता. तो गेला तेव्हा मी हात धरला होता आणि तरी तो सुटला. तुमचा हात धरायला तिथं कुणीच नाही.

इथं लहान पंप आला. मी रोज संध्याकाळी चालू करते. आधी सितारावहिनीचा हात धरून, आता एकटी. असलमभाईंनी पाईपला चावी बसवून दिलीय. थोडी उघडली की पाणी नुसतं बोलतं. आणखी उघडली की खालचे गोटे हलायला लागतात. तो आवाज आला की मी बंद करत नाही. थांबून ऐकते. केव्हा येतो, कसा येतो, पाणी किती असलं की येतो, ते आता मला कळतं.

कदाचित हे पत्र पोचायच्या आधी मीच पोचेन. रविवारी येतेय. तोवर मळ्याबाहेर पाऊल टाकू नका.

मोहिनी


पिंपळनेर
२५ जुलै

प्रिय मोहिनी,

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. इथं होतीस तेव्हा आपण फार बोललो नाही. तू झोपलीस, मी स्वयंपाक केला. आता लिहिते.

तुझं पत्र खरंच तू आल्यानंतर पोचलं. ते वेळेवर आलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

पितांबरनं नंतर सांगितलं. तुला त्यानं स्टँडवरून गाडीवर घेतलं. मळ्याच्या वळणावर पाण्याचा आवाज आला तशी तू गाडी थांबवायला लावलीस, रस्त्याच्या कडेला ओकलीस, चूळ भरलीस आणि चालत निघालीस. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फरशीच्या मध्यावर होते. पाणी पोटरीला लागत होतं. काठावर माणसं ओरडत होती, ‘अक्का, मांगे फिरा!’

एक गोष्ट फक्त तुला सांगते. बाकीच्या दिवशी पाणी चढायच्या आत मी परत यायचे. त्या दिवशी परत यायचं की नाही, हे मी ठरवलं नव्हतं.

मग तू दिसलीस. मला वाटलं, ही काठावरच कानावर हात घेऊन बसणार. तुझे हात कानावर नव्हते. साडी खोचून तू पाण्यात उतरलीस. इथं कशाला आलीस म्हणून मी ओरडले, ‘कसाले उनी तू आठे?’ येऊन माझं मनगट धरलंस आणि मान तिरकी करून उभी राहिलीस, लांबून कुणी हाक मारत असावं तशी. तुझ्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

म्हणालीस, ‘अक्का, खालचे गोटे वाजायला लागले. चला.’

मला काही ऐकू आलं नाही. पाणी होतं तेवढंच होतं. पश्चिमेला ऊन होतं. मी हात सोडवायला बघितला. तेव्हा तू म्हणालीस, ‘तुम्ही येत नसाल तर मीही इथंच थांबते.’ ओरडून म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतं. तू अगदी हळू म्हणालीस, आणि खरंच थांबलीस. पाय रोवून. तेव्हा मला तुझं वय आठवलं.

आपण बाभळीपाशी चढलो आणि मी मागं बघितलं. फरशी नव्हती. लाल पाणी होतं आणि त्यातून एक अख्खं झाड मुळांसकट चाललं होतं. तू चिखलात बसलीस आणि मोठ्यानं रडलीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही. मी त्या झाडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तू झोपलेली असताना मी पितांबरला ओट्यावर बसवलं. शेजारच्या ताईबाईलाही बोलावलं, म्हणजे गावभर वेगळं सांगायला नको. सांगितलं, राखीला जायचा हट्ट कुणाचा नव्हता. ऊन होतं, पाणी घोट्याला होतं, दूधवाला पार गेला होता. माझ्या सुनेबद्दल यापुढं कुणी बोलायचं असेल तर माझ्यासमोर येऊन बोलायचं. ताईबाई म्हणाली, ‘आम्ही कुठं काय म्हटलं?’ मी म्हटलं, ‘बठ्ठासनी म्हटलं, सगळ्या गावानं.’

संध्याकाळी फिरायला आता शाळेच्या बाजूला जाते. हे खरं लिहितेय, पितांबरला विचार.

श्रावणात येईन म्हणते. वर्षश्राद्ध झालं की. तुझा ओहोळ बघायचा आहे. मला तो आवडेल असं नाही.

तुझी,
अक्का


मेहरूण
६ सप्टेंबर

ती. अक्का,

सुखरूप पोचल्याचा पितांबरभाऊजींचा फोन आला.

तुम्ही गेल्यावर परसात गेले आणि बघते तर दुसऱ्या वळणावरचा मोठा दगड जागेवर नाही! मला न विचारता तुम्ही तो हलवलात, आणि सितारावहिनीनं तुम्हाला मदत केली, हे तिनंच कबूल केलं. दोघींची वयं काय आणि दगड केवढा! तो दगड मी तिथं उगीच ठेवला नव्हता. त्यानं पाणी थबकत होतं. आता ते सरळ डोहात घुसतंय, लव्हाळ्याची मुळं उघडी पडतील. उद्या मी तो परत लावणार आहे.

डोहात बेडूक आलेत, कुठून ते कळत नाही. रोपवाटिकेतली नोकरी टिकली. फवारे सुरू असताना आता आतच उभी राहते. दादा रोज चहा घेऊन ओहोळापाशी बसतो आणि कल्पना आपलीच होती असं पाहुण्यांना सांगतो.

मोहिनी


पिंपळनेर
१४ सप्टेंबर

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

दगडाला हात लावायचा नाही.

पाण्याला तिथं वळायचंच होतं, तू त्याला अडवून धरलं होतंस. तीन दिवस तिथं बसून मी बघितलं, मगच हलवला. लव्हाळ्याची मुळं उघडी पडणार नाहीत, आणि पडलीच तर मी आल्यावर लव्हाळा दुसरीकडे लावू. सिताराचंही हेच मत आहे. तिला विचार, पण तुझ्यासमोर ती तुझ्या बाजूनं बोलेल, म्हणून मी आल्यावर विचार.

दसरा झाला की येते. आता चांगली महिनाभर राहीन. ताईबाईला मळ्याची किल्ली देऊन ठेवलीय. दोन लुगडी आणि औषधं भरली की झालं.

तोवर तू दगड परत लावलेला दिसला, तर मी पुन्हा हलवीन.

तुझी,
अक्का